गरज सरो, सात नंबर मरो



५ जानेवारी २०२५ ला न्यूयॉर्कमध्ये ‘कंजेशन प्रायसिंग’ सुरू झाले. मॅनहॅटनमध्ये साठाव्या रस्त्याच्या दक्षिणेला स्वतःची गाडी घेऊन शिरायचे असेल तर दिवसा नऊ डॉलर मोजायचे, आणि त्या पैशाच्या जोरावर एमटीएने १५ अब्ज डॉलर उभे करून सबवे आणि उपनगरी रेल्वे दुरुस्त करायची, अशी ही योजना. तेव्हापासून (खरे तर त्याच्याही आधीपासून) आपल्या न्यू जर्सीतल्या आणि लाँग आयलंडवरच्या मंडळींच्या इनबॉक्समध्ये एकाच सुरातली भजने चालू आहेत. पहिले भजन: ‘आम्ही सबवेने जात नाही, मग आम्ही पैसे का द्यायचे?’ दुसरे: ‘एमटीए म्हणजे पैसे गिळणारा राक्षस.’ आणि तिसरे, जे समेवर येते ते: ‘आम्ही या देशात दोन सुटकेस घेऊन आलो आणि जे मिळवले ते स्वतःच्या हिमतीवर मिळवले. कोणी आम्हाला फुकट काही दिले नाही.’

हे तिसरे भजन मला सर्वांत जास्त खटकते, म्हणून आज त्याचाच समाचार घ्यायचा आहे. त्यासाठी आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीच्या सात नंबरच्या गाडीचा इतिहास पुरेसा आहे. टाइम्स स्क्वेअरहून निघून नदीखालून क्वीन्समध्ये शिरणारी, मग पुलावर चढून सनीसाइड, वुडसाइड, जॅक्सन हाइट्स, कोरोना करत फ्लशिंगला जाणारी ही गाडी. आपल्याकडच्या कित्येकांनी अमेरिकेतला पहिला पगार घेऊन जो परतीचा प्रवास केला, तो हिच्यातून.

सुरुवात बोगद्यापासून करू. ईस्ट रिव्हरखालचा हा बोगदा ‘स्टाइनवे टनेल’ म्हणून ओळखला जातो, कारण पियानोवाले विल्यम स्टाइनवे त्या उद्योगाच्या पाठीशी होते. काम १८९२ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी डिसेंबरात स्फोट होऊन पाच माणसे मेली आणि काम थांबले. पुढे ऑगस्ट बेलमाँट या धनिकाने ते हातात घेतले आणि १९०७ मध्ये बोगदा पुरा झाला. चाचणीची ट्रामही धावली. पण परवान्याचा वाद मिटला नाही आणि तयार बोगदा आठ वर्षे रिकामा पडून राहिला. शेवटी १९१३ मध्ये शहराने तो ३० लाख डॉलरला विकत घेतला. तेव्हा कुठे २२ जून १९१५ ला ग्रँड सेंट्रल ते व्हर्नन-जॅक्सन अशी पहिली गाडी धावली. ‘खाजगी क्षेत्र सगळे करून दाखवते’ असे म्हणणाऱ्यांनी ती आठ वर्षे लक्षात ठेवावीत.

त्याच १९१३ साली मार्च महिन्यात शहराने दोन रेल्वे कंपन्यांशी ‘ड्युअल काँट्रॅक्ट्स’ नावाचे करार केले. त्यांतून सबवेचे जाळे जवळपास दुप्पट झाले. शहराने यात प्रचंड पैसा ओतला आणि त्यामागे एक स्पष्ट विचार होता: लोअर ईस्ट साइडच्या चाळवजा इमारतींत माणसे कोंबून भरली आहेत, त्यांना श्वास घ्यायला जागा हवी, तर नदीपलीकडच्या मोकळ्या जमिनीवर आधी रेल्वे न्या. म्हणजे प्रवासी नसताना रूळ टाकले. १९१६ मध्ये क्वीन्सबरो प्लाझा, १९१७ मध्ये आज १०३ स्ट्रीट म्हणतात ते कोरोनाचे स्टेशन, १९२७ मध्ये पश्चिमेला टाइम्स स्क्वेअर, आणि २१ जानेवारी १९२८ ला फ्लशिंग. तिकीट पाच सेंट. १९०४ पासून १९४८ पर्यंत सबवेचे तिकीट पाच सेंटच होते.

१९१० च्या जनगणनेत क्वीन्सची लोकसंख्या २,८४,०४१ होती. १९३० मध्ये ती १०,७९,१२९ झाली. आता मी पेशाने संशोधक आहे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडू शकते हे मला कळते. १९०९ मध्ये क्वीन्सबरो पूल उघडला होता, १९१० मध्ये लाँग आयलंड रेल रोड पेन स्टेशनला जोडली गेली होती, मोटारगाड्याही वाढत होत्या. सगळे श्रेय सात नंबरला देता येणार नाही. पण या मार्गाच्या दोन्ही अंगांना घरे कशी आणि कधी उभी राहिली ते पाहिले, तर कारण कोणते आणि परिणाम कोणता याबद्दल फारशी शंका राहत नाही. जॅक्सन हाइट्स घ्या. एडवर्ड मॅकडूगल यांच्या क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने तिथली शेतजमीन गाडी येण्याच्या आधीच घेऊन ठेवली होती. १९१७ मध्ये गाडी आली आणि मधोमध बाग असलेल्या त्या देखण्या इमारती उभ्या राहू लागल्या. रूळ जनतेच्या पैशाचे, वाढलेला जमिनीचा भाव कंपनीचा. आयत्या बिळावर नागोबा, दुसरे काय!

आणि त्या इमारतींत प्रवेश कोणाला होता? ज्यू आणि कृष्णवर्णीय लोकांना तिथे कित्येक वर्षे उघडउघड मज्जाव होता. आपला तर प्रश्नच नव्हता, कारण तेव्हा या देशाच्या कायद्यानेच आपल्याला दाराबाहेर ठेवले होते. ते दार १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने उघडले. तो कायदा होण्याच्या आदल्या वर्षी सिव्हिल राइट्स ॲक्ट मंजूर झाला होता. कृष्णवर्णीयांच्या चळवळीने देशाचे वातावरण बदलले, आणि त्या वातावरणात आपल्यासारख्यांचे व्हिसा निघाले. घरे भाड्याने देताना वंश पाहायचा नाही हा १९६८ चा कायदाही त्याच चळवळीचे फळ. ज्या बिल्डिंगमध्ये आपण चौघे मिळून एक बेडरूमचा फ्लॅट घेतला, तिच्या दारावरची अदृश्य पाटी दुसऱ्या कोणीतरी, लाठ्या खाऊन, काढून टाकली होती.

तेव्हा ‘कोणी आम्हाला फुकट काही दिले नाही’ हे म्हणण्याआधी हिशेब मांडू या. १९१३ च्या करदात्यांनी रूळ दिले. १९६० च्या दशकातल्या आंदोलकांनी दार उघडून दिले. सत्तरच्या दशकात चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर साड्यांची, मिक्सरची आणि मसाल्यांची दुकाने निघाली, ती सात नंबर आणि खालून जाणाऱ्या ई, एफ या गाड्या तिथे एकमेकींना भेटतात म्हणून. ट्राय-स्टेटमधला देशी माणूस गाडी न बाळगता तिथे पोचू शकत होता. १९७७ मध्ये फ्लशिंगच्या बाउन स्ट्रीटवर गणपतीचे देऊळ उभे राहिले. तिथेही लोक सात नंबरच्या शेवटच्या स्टेशनवर उतरून जात, अजूनही जातात. आपल्या हिमतीला माझा नमस्कार आहे. पण ती हिंमत दर काही मिनिटांनी येणाऱ्या आणि रात्रभर चालणाऱ्या गाडीत बसून कामावर जात होती.

‘रात्रभर चालणाऱ्या’ या शब्दांवर जरा थांबतो. नकाशावरच्या रेघेवरून रेल्वेची खरी ओळख होत नाही, गाडी कधी येते यावरून होते. सात नंबरच्या बहुतेक मार्गावर तीन रूळ आहेत. मधल्या रुळावरून फास्ट गाडी जाते, सकाळी मॅनहॅटनकडे आणि दुपारनंतर उलट. ही फास्ट सेवा कधी सुरू झाली? १९३९ मध्ये, फ्लशिंग मेडोजला जागतिक प्रदर्शन भरले तेव्हा. १९६४ ला पुन्हा प्रदर्शन भरले तेव्हा या मार्गावर नव्या कोऱ्या निळ्या-पांढऱ्या गाड्या आल्या. पुढे त्यांनाच लाल रंग लागला आणि ‘रेडबर्ड’ म्हणून त्या नोव्हेंबर २००३ पर्यंत धावल्या. एकोणचाळीस वर्षे तेच डबे! त्या गाडीत आपण घाम पुसला आहे. म्हणजे पाहुणे येणार असले की घराला रंग, एरवी घरच्यांनी पोपडे मोजत बसायचे. १९९९ मध्ये व्हाइट हाउसच्या मंडळाने या मार्गाला राष्ट्रीय ‘मिलेनियम ट्रेल’ म्हणून गौरवले, स्थलांतरितांची गाडी म्हणून. जुने सिग्नल बदलून संगणकावर चालणारी नवी यंत्रणा यायला मात्र २०१८ ची अखेर उजाडली, आणि त्यासाठी कित्येक वर्षे वीकेंडला गाडी बंद राहायची. ज्याला शनिवार-रविवारी हॉटेलात भांडी घासायची असतात त्याने त्या दिवशी बस शोधायची.

आता मार्ग वाढवण्याची गोष्ट. फ्लशिंगच्या पुढे बेसाइडकडे ही गाडी नेण्याचे बेत शतकभर जुने आहेत. १९२९ च्या शहराच्या भल्यामोठ्या आराखड्यातही ते होते. फ्लशिंग मेन स्ट्रीट हे क्वीन्समधल्या सर्वांत गजबजलेल्या स्टेशनांपैकी एक आहे, आणि तिथे उतरणाऱ्यांपैकी हजारो लोक पुढे बसच्या रांगेत उभे राहतात. तिकडे १९२८ नंतर एक फूटही रूळ पडला नाही.

पण दुसऱ्या टोकाला पडला. १३ सप्टेंबर २०१५ ला सात नंबर टाइम्स स्क्वेअरच्या पुढे ३४ स्ट्रीट-हडसन यार्ड्सला पोचली. खर्च सुमारे २.४ अब्ज डॉलर, नवे स्टेशन एक. या विस्ताराचा जन्म २०१२ च्या ऑलिंपिकच्या स्वप्नातून आणि वेस्ट साइडच्या स्टेडियमच्या योजनेतून झाला. २००५ मध्ये स्टेडियम फेटाळले गेले, ऑलिंपिक लंडनला गेले, पण बोगदा राहिला, कारण जमिनीचे झोनिंग बदलून झाले होते आणि टॉवर उठायचे होते. भविष्यातल्या करांच्या भरवशावर शहराने रोखे काढले. सुरुवातीची काही वर्षे अपेक्षेइतका महसूल आला नाही, तेव्हा व्याज भरायला शहराच्या तिजोरीतून पैसे घातले गेले. बिल्डरांना मालमत्ता करात घसघशीत सूट मिळाली.

या मार्गावर मूळ योजनेत मध्ये आणखी एक स्टेशन होते, टेन्थ ॲव्हेन्यूवर ४१ व्या रस्त्याशी. तिथे माणसे आधीपासूनच राहत होती. सुमारे अर्धा अब्ज डॉलर लागतील असा अंदाज आला आणि ते कोणी द्यायचे यावर शहर आणि एमटीए यांनी एकमेकांकडे बोट दाखवले. स्टेशन गाळले. गाडी आज त्या लोकांच्या पायाखालून न थांबता जाते. १९१३ मध्ये मोकळ्या जमिनीवर रेल्वे नेली तेव्हा हेतू गर्दीतल्या गरिबांना हवा मिळावी हा होता, आणि बिल्डर त्यात हात धुऊन घेत होते. २००५ नंतर पुन्हा मोकळ्या जमिनीवर रेल्वे नेली, आणि या वेळी बिल्डर हाच हेतू होता.

आता एडिसन, इझलिन, प्रिन्स्टन जंक्शनच्या वाचकांनी खुर्ची जरा पुढे ओढावी, कारण गोष्ट तुमच्यापर्यंत आली आहे. हडसन नदीखालून पेन स्टेशनला येणारे न्यू जर्सीचे रेल्वे बोगदे दोन, दोन्ही १९१० चे. तिसऱ्या-चौथ्यासाठी ‘आर्क’ नावाचा प्रकल्प २००९ मध्ये सुरूही झाला होता. ऑक्टोबर २०१० मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी तो रद्द केला. कारण दिले: खर्च वाढला तर न्यू जर्सीच्या करदात्याच्या माथी बसेल. टाळ्या पडल्या. वाचलेला पैसा रस्त्यांकडे वळवला आणि गॅसवरचा कर वाढवण्याची वेळ पुढे ढकलली. तो कर २०१६ मध्ये गॅलनला २३ सेंटने वाढलाच. बोगदा मात्र गेला तो गेला.

आर्क मेल्यावर महिन्याभरात महापौर ब्लूमबर्ग यांच्या प्रशासनाने एक पर्याय पुढे आणला: हडसन यार्ड्सपर्यंत येणारी सात नंबर तशीच नदीखालून सिकॉकसला न्यायची. विचार करा. मेट्रोपार्कला गाडीत बसायचे, सिकॉकसला उतरून सात नंबर पकडायची आणि थेट टाइम्स स्क्वेअर, ग्रँड सेंट्रल, हवे तर चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर जेवायला! २०१२ मध्ये एमटीएच्या प्रमुखांनी ही कल्पना अवाक्याबाहेरची म्हणून निकालात काढली. २०१३ मध्ये शहराने नेमलेल्या सल्लागारांचा अहवाल ती शक्य आहे म्हणाला, आणि तो अहवाल कपाटात गेला. न्यू जर्सीतून त्यासाठी कोणी रस्त्यावर उतरले नाही. २०१२ मध्येच सँडी वादळाचे खारे पाणी त्या शंभर वर्षांच्या बोगद्यांत शिरले. आज गाडी उशिरा आली की आपण न्यू जर्सी ट्रान्झिटला शिव्या घालतो. नवा बोगदा बांधायला २०२३ उजाडले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनने त्याचा निधी अडवला. ‘दुसऱ्याच्या रेल्वेचा खर्च मी का करू’ हा सिद्धांत असा फिरून आपल्याच प्लॅटफॉर्मवर येतो.

आणि या सगळ्यानंतर न्यू जर्सी राज्याने जुलै २०२३ मध्ये कशासाठी कोर्टात धाव घेतली? कंजेशन प्रायसिंग थांबवण्यासाठी. लिंकन आणि हॉलंड टनेलमधून गाडी आणणाऱ्याला दिवसा त्या नऊतून तीन डॉलरची सूट आहे, ही गोष्ट आपल्या ईमेलमध्ये कधी वाचली? मी तरी नाही. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरनीही जून २०२४ मध्ये ऐनवेळी कच खाल्ली, आणि पंधराचे नऊ होऊन योजना सहा महिने उशिरा आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने ती गुंडाळण्याचा हुकूम काढला, तेव्हा मे महिन्यात फेडरल न्यायाधीशांनी सरकारचा हात धरला. एवढ्या झटापटीत आपले ‘सुशिक्षित’ लोक कोणत्या बाजूला होते?

‘एमटीए पैसे गिळते’ या आक्षेपात मात्र तथ्य आहे, आणि ते नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सेकंड ॲव्हेन्यूवर २०१७ च्या १ जानेवारीला उघडलेल्या जेमतेम दोन मैलांना सुमारे साडेचार अब्ज डॉलर लागले. जगात इतरत्र बोगदे याच्या एका अंशात होतात. गरजेपेक्षा अवाढव्य स्टेशने, सल्लागारांवर भिस्त, कामावर जास्तीची माणसे, संस्थांमधली भांडणे अशी कारणे अभ्यासकांनी मोजून दाखवली आहेत. पण प्रयोगशाळेतले उपकरण महाग पडले म्हणून आपण संशोधन बंद करतो का? आपण बिले तपासतो आणि पुरवठादाराला फैलावर घेतो. एमटीएच्या सुनावण्यांना जाऊन हे प्रश्न विचारायला आपल्याइतके लायक कोण आहे? आपल्यात सिव्हिल इंजिनिअर आहेत, सिग्नल यंत्रणांचे सॉफ्टवेअर लिहिणारे आहेत, हिशेब तपासणारे तर गल्लोगल्ली आहेत. खर्च फार म्हणून रेल्वेच नको, असे म्हणणाऱ्याला खर्चाची काळजी नसून आपल्या पार्किंगची आहे, असे मी खुशाल म्हणतो.

आणखी एक गंमत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची भुयारी मेट्रो-३ आरेपासून कफ परेडपर्यंत साडेतेहतीस किलोमीटर पूर्ण सुरू झाली. आपल्या सगळ्या ग्रुपवर चकाचक स्टेशनांचे फोटो फिरले, छाती फुगली. तिथे आपण कर भरत नाही, रोज चढत-उतरतही नाही, तरी ती ‘आपली’ मेट्रो. इथे आपण कर भरतो, कित्येकांना मताचा अधिकार आहे, तरी ही ‘त्यांची’ सबवे. हे ‘ते’ म्हणजे कोण, हे २०२० च्या वसंतात दिसले. कोविडने एल्महर्स्ट, कोरोना, जॅक्सन हाइट्स या सात नंबरच्या वस्त्यांना सर्वांत आधी आणि सर्वांत जबर तडाखा दिला, कारण तिथली माणसे लॅपटॉप उघडून घरी बसू शकत नव्हती. हॉस्पिटलच्या लाद्या पुसणारे, जेवण पोचवणारे, किराणा दुकानात उभे राहणारे इक्वेडोर, मेक्सिको, नेपाळ, बांगलादेशचे लोक त्या गाडीत होते. ६ मे २०२० पासून सबवे रात्री एक ते पाच बंद झाली, आणि रात्रभराची सेवा परत यायला मे २०२१ उजाडला. या लोकांना आपल्या घराच्या तळघरातले होम ऑफिस ठाऊक नाही. पण आपण १९८५ किंवा १९९५ मध्ये जे होतो, ते आज हे आहेत.

गरज सरो, वैद्य मरो ही म्हण आपल्याकडे कोणाचे कौतुक करायला वापरत नाहीत. शिडी चढून माडीवर गेलेल्याने निदान शिडीला लाथ मारू नये. म्हणून चार गोष्टी सुचवतो. एक, कंजेशन प्रायसिंगविरुद्धची पुढची ईमेल आली की फॉरवर्ड करण्याआधी त्यातला एक तरी आकडा तपासा. दोन, न्यू जर्सीतल्या मतदारांनी आपल्या आमदाराला आणि काँग्रेसमनला हडसनच्या नव्या बोगद्याबद्दल लिहा, आणि लिहिताना ‘मेट्रोपार्कचा प्रवासी’ असे लिहा. तीन, आपल्या मंडळाच्या कार्यक्रमाची जागा ठरवताना ती रेल्वेने गाठता येते का हा प्रश्न विचारायला सुरुवात करा, म्हणजे नुकतेच आलेले विद्यार्थीही येऊ शकतील. चार, क्वीन्समध्ये राहणाऱ्यांनी टेन्थ ॲव्हेन्यूचे स्टेशन आणि फ्लशिंगपलीकडचा विस्तार हे विषय स्थानिक कम्युनिटी बोर्डात पुन्हा काढा. शंभर वर्षांपूर्वी प्रवासी नसताना रूळ टाकले होते. आज प्रवासी बसच्या रांगेत उभे आहेत.

मतभेद असतील, असायलाच हवेत. अवश्य लिहा, आकड्यांसकट लिहा. फक्त ‘स्वतःच्या हिमतीवर’ हे शब्द वापरण्याआधी तुम्ही पहिल्या नोकरीवर कशाने जात होता, तेवढे मात्र पत्रात नमूद करा.